ताईपण

आमच्या मोहन्यात उल्हास नदीच्या बाजूला माझी तीस गुंठे भाताची जमीन उरली आहे. बाकीची कुठे गेली, ते आंबिवली स्टेशनात उतरून इमारतींकडे बघितलं की कळतं. गेल्या पावसाळ्याची गोष्ट. राब पेरून झाला होता, पाऊस लागला होता, आणि घरात सून बाळंत होती. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं आमच्याकडे. मुलगा झाला. थोरली नात तेव्हा अडीच वर्षांची.

बाळंतिणीचं घर म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. शेगडीवर ओवा-बाळंतशोपाची धुरी, दोरीवर न वाळणारी दुपटी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि दिवसभर येणाऱ्या बाया. येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे जायची आणि मग दारात उभ्या असलेल्या आमच्या नातीला म्हणायची, "आता तू ताई झालीस हां. मोठी झालीस. बाळाला सगळं द्यायचं." पोर मान हलवायची. तिला काय कळत असेल? काल रात्रीपर्यंत ती आईच्या कुशीत झोपत होती. आज ती आजीजवळ झोपते, आणि कारण काय, तर ती मोठी झाली. एका रात्रीत.

बाळ वीस दिवसांचं असताना ते घडलं. माझी घरवाली लाडवांसाठी शेंगदाणे भाजत होती. नात तिच्या पदराला ओढत रडत होती, आईकडे जायचं म्हणत होती. आई बाळाला पाजत होती. मी शेतावरून आलो होतो, पाय चिखलाने भरलेले, डोकं तापलेलं. पोर गप्प व्हावी म्हणून मी तिच्या मुठीत चार दाणे दिले. ती गप्प झाली. मी पाय धुवायला मोरीवर गेलो.

तेवढ्यात सुनेची किंकाळी ऐकली. धावत आत गेलो, तर नात पाळण्याला धरून उभी, आणि सून बाळाच्या ओठातून बोटाने दाणा काढत होती. दाणा आत गेला नव्हता, देवाची कृपा. पण माझ्या अंगातलं पाणी पळालं. मी पुढचं-मागचं काही बघितलं नाही. नातीच्या पाठीत धपाटा घातला. जोरात.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळाला दिला."

बस्स, एवढंच. मग ती रडली.

रात्री मला झोप लागली नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि डोक्यात एकच घोळत होतं, की या पोरीने चूक काय केली? आम्ही वीस दिवस तिला शिकवत होतो की बाळाला सगळं द्यायचं. तिच्याजवळ चार दाणे होते, त्यातला एक तिने दिला. आपण मोठी माणसं चारातला एक कुणाला देतो का? सांगितलेलं तिने मनापासून ऐकलं, आणि त्याचा तिला धपाटा मिळाला. दाणा तिच्या हातात दिला कुणी? मी. बाळाजवळ तिला एकटी सोडली कुणी? आम्ही सगळ्यांनी. पण मार तिने खाल्ला, कारण ती त्या खोलीतली सगळ्यात "मोठी" गुन्हेगार होती आणि सगळ्यात लहान माणूस होती.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या बाई बाळाला बघायला आल्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, बाळाला सहा महिने नुसतं आईचं दूध, हे तर तुम्हाला माहीत आहे. पण थोरलीच्या हातातसुद्धा अख्खा दाणा द्यायचा नसतो. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना दाणा घशात अडकू शकतो. कूट करून द्या." म्हणजे माझी चूक दुप्पट निघाली. जिला मी मोठी म्हणून मारलं, ती स्वतः दाणा खाण्याएवढीही मोठी नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, घरोघरी असंच चालतं. खरं आहे. घरोघरी असंच चालतं म्हणूनच लिहितोय. आणि दुसरं कारण म्हणजे माझी स्वतःची ताई.

माझा जन्म झाला तेव्हा ताई सहा वर्षांची होती, नुकती शाळेत जायला लागलेली. आई-बाप शेतावर. आई लावणीला वाकली की मी बांधावर रडायचो. मग ताईची शाळा सुटली. म्हणजे कुणी सोडवली नाही, भांडण झालं नाही, कुणी ठरवलंही नाही. एक दिवस ती गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, आणि मग कुणी विचारलंच नाही. मी तिच्या कडेवर वाढलो. माझ्यानंतर आणखी दोघं तिच्या कडेवर वाढली. 1977 साली मी दहावी झालो, त्याचं घरात कौतुक झालं, पेढे वाटले. ते पेढे शेजारी वाटत फिरली ती ताईच. तिला आजही सही करता येते, पण वाचता येत नाही. आज मी हे जे लिहितोय, ती अक्षरं तिच्या वाट्याची आहेत, असं मला कधी कधी वाटतं.

त्या काळात याच्यावर कुणी विचार केला नव्हता असं नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला लहान मुलांचं काम सुरू केलं आणि 1957 साली ते कोसबाडला नेलं. ते गाव आता पालघर जिल्ह्यात गेलं. त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत ती आळसाने नाही. कुणाच्या कडेवर भावंडं असतं, कुणाच्या मागे गुरं असतात. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. त्याला विकासवाडी म्हणायचे. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच शाळा नेली, ती कुरणशाळा. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यांनी थोरलीला उपदेश केला नाही. तिच्या कडेवरचं ओझं आधी खाली उतरवलं आणि मग पाटी हातात दिली. आमच्या घरी असं कुणाला सुचलं नाही. आई-बापाला दोष देत नाही. पोटाची लढाई होती. पण दोष नाही म्हणून कर्जही नाही, असं कुठे असतं?

बारशाला ताई आली. सत्तरीची आहे, गुडघे गेलेत. बायकांची गडबड संपल्यावर मी तिला ओटीवर बसवलं आणि पहिल्यांदा विचारलं, "ताई, मला सांभाळायला लागलं म्हणून तुझी शाळा गेली. तुला माझा राग येतो का?"

ती हसली. म्हणाली, "तुजा कसला राग? तू तं पोर व्हतास. तुला कडेवं घेतला म्हनून तं मना मानूस कलला." मग थोडा वेळ गप्प बसली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पन कंबर दुखतं का, येवढा बी कवा कोनी इचारला नाय."

साठ वर्षांत तिने एवढीच तक्रार केली. ती ओझ्याची नव्हती. विचारलं नाही, याची होती.

मला यातून जे समजलं ते असं. थोरल्याला धाकट्यासाठी काही सोडावं लागतं, हे टळत नाही. आईला दोनच हात. बाळाला दर दोन तासांनी दूध लागतं, थोरलीला दर दोन तासांनी लागत नाही. त्यामुळे सारखी वाटणी होऊ शकत नाही, आणि सारखं वाटणं म्हणजेच न्याय, असंही नाही. पण जे आपण थोरल्याकडून घेतो ते घेतलं, हे तरी कबूल करावं. आपण ते कबूल करत नाही. उलट "तू मोठी झालीस" असं म्हणून तिला बक्षीस दिल्यासारखं दाखवतो. आईची कूस काढून घेतो आणि ताई हे नाव हातात देतो. हा व्यवहार बाजारात कुणी केला तर त्याला आपण फसवणूक म्हणू.

आमच्या वारकरी घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांची नावं रोजची. परंपरेने सांगतात ती सालं 1273, 1275, 1277 आणि 1279. दोन-दोन वर्षांच्या अंतराची चार पोरं, आई-बाप गेलेले. थोरला निवृत्ती धाकट्याचा गुरू झाला, हे खरं. पण ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा समजूत घालायला पुढे आली ती सगळ्यात धाकटी. मोठेपण त्या घरात फिरतं होतं. ज्याला त्या घडीला पेलवेल त्याने घ्यावं. एकाच्या गळ्यात जन्मभर बांधून ठेवलं नव्हतं.

बारसं आटोपल्यावर लावणी सुरू झाली. राबातून रोप उपटून चिखलात लावलं की चार-आठ दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं. जागा बदललेली असते, मुळं तुटलेली असतात. त्याला कुणी शेतकरी शिव्या देत नाही. पाणी राखतो आणि वाट बघतो. जे रोपाला देतो ते मी नातीला दिलं नव्हतं.

आता घरात एक नियम केलाय. बाळ झोपलं की पहिला अर्धा तास सून थोरलीची. तेव्हा कपडे नाहीत, भांडी नाहीत. ती मांडीवर बसते, बाळासारखं बोलते, भरवून घेते, आणि तिला कुणी "मोठी ना तू?" म्हणत नाही. दुपटी मी वाळत घालतो. शेजारी हसतात.

आणि मी तिची माफी मागितली. चौसष्ट वर्षांच्या माणसाने अडीच वर्षांच्या पोरीची माफी कशी मागायची, ते मला ठाऊक नव्हतं. ती ओटीवर तांदळाची भाकरी खात बसली होती. मी समोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "आबा चुकला. तू बाळाला दिलंस, ते चांगलं केलंस. बाळाला दात नाहीत, म्हणून त्याला दाणा द्यायचा नाही. हे आबाने तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग भाकरीचा एक तुकडा मोडला, माझ्या तोंडापाशी आणला आणि थांबली.

"आबा, आ कर. तुला दात हायेत?"

मी आ केला. तिने वाकून नीट बघितलं. पुढचे दोन पडलेत, ते तिला दिसले. तिने तुकड्याचा आणखी लहान तुकडा केला, आणि मगच भरवला.