घंटा आणि अजान



मशीदभेटीची सूचना या पत्रिकेत छापून आली त्या रविवारपासून, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एकच प्रश्न आम्हांला पुन्हा पुन्हा विचारला गेला : "फादर, आपण मशिदीत गेलेले चालते का?" कोणी हसत विचारले, कोणी कपाळाला आठ्या घालून. एका आजीने तर "तिथे जाऊन डोके टेकायचे नाही ना?" असे स्पष्टच विचारून घेतले. या प्रश्नाची टिंगल करण्याचे कारण नाही. पहिली आज्ञा मनापासून पाळणाऱ्या माणसाला तो पडायलाच हवा.

ख्रिस्तसभेने त्याचे उत्तर दिलेले आहे. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले. एकाच, जिवंत, दयाळू आणि सर्वसमर्थ परमेश्वराची उपासना करणाऱ्या मुस्लिम बांधवांकडे ख्रिस्तसभा आदराने पाहते, असे त्यात म्हटले आहे. ते येशूला देव मानत नाहीत, पण संदेष्टा म्हणून त्याचा मान राखतात, त्याच्या कुमारी मातेला मानतात, प्रार्थना, दानधर्म आणि उपवास यांना महत्त्व देतात, हेही त्यात नोंदवले आहे. मागची भांडणे विसरून एकमेकांना समजून घ्या, असा त्याचा आग्रह आहे. पुढे 6 मे 2001 रोजी पोप जॉन पॉल दुसरे दमास्कसच्या उमय्या मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्या मशिदीत बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचे स्मृतिस्थान आहे आणि मुसलमान त्यालाच याह्या म्हणून मानतात. 30 नोव्हेंबर 2006 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत बूट काढून आत गेले आणि मुफ्तींच्या शेजारी क्षणभर शांत उभे राहिले. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस आणि 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनीही त्याच मशिदीला भेट दिली.

तेव्हा जायला हरकत नाही. मात्र आदर देणे वेगळे आणि उपासनेत सामील होणे वेगळे. पाहायचे, ऐकायचे आणि आपले प्रश्न विचारायचे, एवढेच आम्ही ठरवून गेलो होतो. यजमानांचीही तेवढीच अपेक्षा होती. अलीकडच्या काही वर्षांत महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी 'मशीद परिचय' या नावाने इतर धर्मीयांना बोलावले जाते, तसेच हे आमंत्रण होते.

शनिवारी संध्याकाळी आम्ही बावीस जण गेलो. दारातच चपला काढल्या. जळत्या झुडपासमोर मोशेला पायातले जोडे काढायला सांगितले होते, ती गोष्ट बरोबरच्या मुलांना तिथल्या तिथे सांगता आली. आमच्या भगिनींनी डोक्यावर पदर, ओढण्या घेतल्या. वयस्क मावश्यांना त्यात काही नवे वाटले नाही. त्यांच्या आया डोके झाकल्याशिवाय चर्चची पायरी चढत नसत.

आत शिरण्यापूर्वी वजूखाना लागतो. नळांची रांग आणि प्रत्येक नळासमोर बसायला एक ओटा. एका तरुणाने वजू कसा करतात ते करून दाखवले. आधी हात मनगटापर्यंत, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत दोन्ही हात, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय. हे करताना पाणी वाया घालवायचे नाही, अशी शिकवण आहे. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळची जुनी जामा मशीद तर एका तळ्यावरच उभी आहे. खालच्या पाण्यातून दगडी कमानी वर येतात, त्यांवर सगळी इमारत पेललेली आहे आणि त्या पाण्यात मासे आहेत. (जाता जाता मशीद या शब्दाविषयी. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी आपल्या प्रार्थनास्थळालाही मशीदच म्हणत आले आहेत. रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव त्यांच्या जुन्या प्रार्थनास्थळावरून पडले असे सांगतात.) आपल्या दाराशी आशीर्वादित पाण्याचे भांडे असते आणि मिस्साबलिदानात अर्पणानंतर धर्मगुरू हात धुतो, त्याचा अर्थ आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल, हा विचार त्या नळांपाशी उभे असताना मनात आला.

आतली जागा पाहून आमची मुले गोंधळली. पुतळा नाही, चित्र नाही, वेदी नाही, बाक नाहीत. चटया आणि भिंती. पश्चिमेच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्याला मेहराब म्हणतात. तो मक्केची दिशा दाखवतो. शेजारी पायऱ्यांचा मिंबर आहे, त्यावरून शुक्रवारचे प्रवचन होते. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून नमाज पश्चिमेकडे तोंड करून होतो. आपल्याकडे चर्च बांधण्याची जुनी चाल वेदी पूर्वेला ठेवण्याची. इमाम म्हणजे त्यांचे धर्मगुरू असा आमचा समज होता. मौलानांनी तो दूर केला. नमाजाचे नेतृत्व करणारा तो इमाम. जाणकार आणि सदाचारी मुसलमान पुरुष ते करू शकतो. त्याला दीक्षासंस्कार नाही आणि तो बलिदानही अर्पण करत नाही.

महिला कुठे बसतात, हे आमच्या भगिनींनी विचारलेच. या मशिदीत त्यांच्यासाठी वेगळी सोय अजून नाही, बहुतेक जणी घरीच नमाज अदा करतात, असे यजमानांनी सरळ सांगितले. स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज अदा करण्याची मुभा आहे, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कळवले होते, हेही त्यांनीच सांगितले. उत्तर आमच्या भगिनींना फारसे पटले नाही आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेही. पण प्रश्न विचारता आला आणि उत्तर टाळले गेले नाही, याचे आम्हांला समाधान वाटले.

मग अजान झाली आणि मगरिबचा, म्हणजे सूर्यास्ताचा, नमाज सुरू झाला. आम्ही मागच्या भिंतीशी बसून पाहिले. रिक्षावाले होते, दुकानदार होते, शाळेतला मुलगा होता, कोट घातलेले एक गृहस्थ होते. जो आधी आला तो पुढच्या रांगेत, मागून आलेला मागे. खांद्याला खांदा लागलेला. उभे राहणे, कमरेत वाकणे, मग कपाळ जमिनीला टेकणे. या सगळ्याचा एक फेरा म्हणजे एक रकात. मगरिबला तीन रकाती असतात, पहाटेच्या फजरला दोन, जुहर, असर आणि इशाला प्रत्येकी चार. पाच वेळच्या मिळून सतरा. प्रत्येक रकातीत कुराणाचा पहिला अध्याय, सात आयतींचा, म्हटला जातो. सगळे अरबीत. ज्या तरुणाने वजू दाखवला त्याने सांगितले की लहानपणी नुसते पाठ केले, अर्थ फार उशिरा कळला. आमच्यातले सत्तरीच्या पुढचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. लॅटिन मिस्सा त्यांनी लहानपणी अशाच ऐकल्या होत्या.

कपाळ जमिनीला लागते त्याला सजदा म्हणतात. तो पाहताना आम्हांला गेथशेमाने बाग आठवली. पकडला जाण्याच्या रात्री प्रभू येशूने जमिनीवर पालथे पडून पित्याची प्रार्थना केली, असे संत मत्तयने लिहिले आहे. शुभ शुक्रवारी विधीच्या आरंभी धर्मगुरू वेदीसमोर पालथा पडतो, तो त्याच परंपरेतला. धर्मगुरुपदाची दीक्षा घेणारा उमेदवारही तसाच पडतो. आपण ते वर्षातून एकदा, तेही मागच्या बाकावरून मान उंचावून पाहतो. मौलानांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नमाजाच्या शेवटच्या बैठकीत इब्राहीम आणि त्याच्या घराण्याचे नाव घेऊन एक प्रार्थना म्हटली जाते. हा इब्राहीम म्हणजे आपला पिता अब्राहाम. मिस्साबलिदानाच्या पहिल्या महाप्रार्थनेत त्याचे नाव येते आणि पवित्र मरियेच्या स्तुतिगीतातही येते. नमाज संपताना उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम केला जातो. एवढे सगळे व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

नंतर चहा झाला आणि बोलणे मोकळे झाले. कुराणाच्या एकोणिसाव्या अध्यायाचे नाव 'मरियम' आहे आणि संपूर्ण कुराणात नावानिशी उल्लेख आलेली ती एकच स्त्री आहे, हे ऐकून आमच्या मावश्यांचे डोळे चमकले. पण पुढचेही ऐकावे लागले. येशू क्रूसावर मरण पावला हे ते मानत नाहीत. तो देवाचा पुत्र आहे हेही मानत नाहीत. इथे आपल्या आणि त्यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि चहाच्या कपावर "सगळे एकच" असे म्हणून हा फरक पुसणे त्यांच्याही श्रद्धेवर अन्याय आहे आणि आपल्याही. मौलानांनी अत्यंत नम्रतेने विचारले की देवाच्या इतक्या मोठ्या संदेष्ट्याला असा लाजिरवाणा मृत्यू आला, असे तुम्ही मानता आणि तेच दृश्य तुमच्या मंदिरात सर्वांत उंच लावता, हे कसे? आम्ही म्हणालो, आमच्याकडे या, तिथेच त्याच्यासमोर बसून बोलू.

उपवासाचाही विषय निघाला. 2025 आणि 2026 या दोन्ही वर्षी राखेचा बुधवार आणि रमजानचा आरंभ एकाच आठवड्यात आला होता. त्यांचे वर्ष चंद्राचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही, असा महिनाभर. आपल्याला सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. बाकीच्या शुक्रवारी मटण नाही म्हणून आपण पापलेटचे कालवण करतो. हे आमच्यातलेच एक जण बोलले आणि सगळे हसले.

मग यजमानांपैकी एका वृद्ध चाचांनी सहज विचारले, "तुम्ही लोक दिवसातून किती वेळा प्रार्थना करता?"

कोणीच पटकन बोलले नाही. शेवटी आमच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सांगितले की पूर्वी चर्चची घंटा दिवसातून तीन वेळा वाजायची, सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. घंटा ऐकली की शेतातला माणूस मोटेपाशी उभा राहायचा, डोक्यावरचे काढायचा, आणि देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणायचा. रात्री घरोघर जपमाळ व्हायची, ती झाल्याशिवाय ताट वाढले जात नसे. "आणि आता?" चाचांनी विचारले. "घंटा आताही वाजते," असे ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

या घंटेची एक गोष्ट आपल्यातल्या फारच थोड्यांना माहीत आहे. 1219 साली पाचवे क्रूसयुद्ध चालू होते आणि इजिप्तमधल्या दमिएता शहराला वेढा पडला होता. त्या वेळी असिसीचे संत फ्रान्सिस हातात शस्त्र न घेता पलीकडच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल यांना भेटले. सुलतानाने धर्म बदलला नाही, संत फ्रान्सिसनेही नाही. सुलतानाने त्यांना मानाने परत पाठवले. त्यानंतर संत फ्रान्सिसने राज्यकर्त्यांना एक पत्र लिहिले. रोज संध्याकाळी दवंडीने किंवा दुसऱ्या एखाद्या खुणेने लोकांना बोलवा, म्हणजे सर्व जण सर्वसमर्थ देवाची स्तुती करतील आणि त्याचे आभार मानतील, अशी विनंती त्यात आहे. ही कल्पना त्यांना इजिप्तमध्ये ऐकलेल्या अजानेवरून सुचली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. संध्याकाळच्या घंटेबरोबर मरियेला वंदन करण्याची प्रथा पुढे फ्रान्सिस्कन मठवासींनी पसरवली. आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात आपल्या वसईत सुवार्ता घेऊन आले तेही फ्रान्सिस्कनच.

आपल्यातले काही जण अजानेच्या भोंग्याविषयी तक्रार करतात. आवाज किती मोठा असावा याचे नियम आहेत, ते मशिदीला लागू आहेत आणि आपल्या नोव्हेनाच्या मंडपालाही. आमचे म्हणणे आवाजाविषयी नाही. अजान झाली की दुकानदार शटर अर्धे ओढून जातो, हे आम्ही त्या संध्याकाळी पाहिले. बारा वाजता आपली घंटा वाजते तेव्हा चर्चच्या फाटकासमोर उभे राहून काय होते, ते ज्याने त्याने एकदा पाहावे.

आता परतीच्या भेटीविषयी. येत्या रविवारी साडेदहाच्या मिस्सेनंतर मशिदीतील पंधरा पाहुणे आपल्याकडे येत आहेत. काही जणांसोबत त्यांच्या घरच्या महिलाही येतील. त्यांना आधी बाप्तिस्म्याचे कुंड, मग वेदी, पवित्र कोश आणि शेवटी क्रूस दाखवायचा आहे. मौलानांचा क्रूसाविषयीचा प्रश्न बाकी आहे. त्याला पाठ केलेले उत्तर नको. ज्यांनी आजारपणात, मरणघरी किंवा संकटात क्रूसापुढे रात्र काढली आहे, अशा दोन-तीन जणांनी आपला अनुभव साध्या शब्दांत सांगावा. नावे बुधवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. युवकांनी बाक आणि खुर्च्यांची व्यवस्था पाहावी. घरून खाऊ आणणाऱ्यांनी तो शाकाहारी आणावा. केकमध्ये वाईन किंवा रम घातलेली नसावी, ही विनंती.

पाहुण्यांना जुहरच्या नमाजासाठी परत जायचे आहे, त्यामुळे ते साडेबारापर्यंतच थांबतील. बाराची घंटा होईल तेव्हा ते आपल्या आवारात असतील.