संगीताचा संग्रह : धन की ठेव?

धान्य, वस्त्रे आणि ग्रंथ यांचा संग्रह मनुष्य का करतो, हे सांगणे फारसे अवघड नाही. धान्य उद्याच्या भुकेसाठी साठवावे, वस्त्र थंडीसाठी जपावे, ग्रंथ पुन्हा वाचण्यासाठी कपाटात ठेवावा. पण गाण्याचा संग्रह कशासाठी? गाण्याचा स्वभावच असा की, ते उमटते आणि त्याच क्षणी विरून जाते. जे क्षणापुरतेच असते ते विकत कसे घ्यावे, आणि घेतलेच तर आपण नेमके कशाचे धनी झालो? हा प्रश्न आज प्रत्येक रसिकापुढे उभा आहे. मात्र तो इतक्या सोयीच्या रूपाने उभा आहे की, प्रश्न म्हणून तो पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात त्याचा विचार करण्याचे कारणच नव्हते. गाणे गायकाच्या कंठात आणि शिष्याच्या स्मरणात राहत असे. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन कलकत्त्यास आला, गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, आणि तेव्हापासून हिंदुस्थानी गाणे दुकानात मिळणारी वस्तू बनले. तबकडीत लाख असे; ती हातातून पडली की फुटे, आणि तिच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तास तास चालणारा ख्याल त्या चिमुकल्या अवकाशात बसवावा लागे. पुढे १९४८ साली दीर्घ वाजणारी तबकडी निघाली, १९६३ मध्ये कॅसेट आली, १९८२ मध्ये सीडी आली. गाणे ठेवण्याची वस्तू हळूहळू लहान होत गेली आणि अखेर घरातून नाहीशीच झाली. आता बहुतेक लोक महिन्याची वर्गणी देऊन, किंवा जाहिराती सोसून, मोबाईलवर स्ट्रीमिंगने गाणी ऐकतात. कपाट रिकामे झाले आणि गाणी मात्र अगणित झाली.

या स्थित्यंतराचा नैतिक अर्थ कळण्यासाठी एका घराण्याचे उदाहरण पुरेसे आहे. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ साली निवर्तले. त्यांनी एकही ध्वनिमुद्रिका मागे ठेवली नाही. त्यांचे गाणे उरले ते शिष्यांच्या गळ्यात. त्यांपैकी दोघी गोमंतकाच्या भूमीतील : केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. केसरबाईंची भैरवीतील साडेतीन मिनिटांची एक तबकडी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. मोगूबाईंचा कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. त्यांचा आवाज मात्र आजही ऐकू येतो. गुरूचे गाणे शिष्यांनी राखले आणि शिष्यांचे तबकड्यांनी. हे दोन मार्ग परस्परविरुद्ध मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस मात्र त्यांतील साम्य अधिक महत्त्वाचे वाटते. दोन्ही मार्गांत कोणीतरी राखणदार असावाच लागतो. शिष्याने रोज रियाज केला नाही तर चीज लोपते. तबकडी कोणी जपली नाही तर ती भंगारात जाते. गाणे आपोआप कधीच टिकलेले नाही.

येथे संग्राहकाची बाजू घेण्यापूर्वी त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. संग्रहाचे पर्यवसान हव्यासात होण्यास वेळ लागत नाही. तबकडीवरील छाप, तिचा क्रमांक, तिचे दुर्मिळपण यांतच ज्याचे मन रमते, त्यास गाण्याची गोडी उरतेच असे नाही. सुईने तबकडी झिजेल म्हणून जो ती वाजवीतच नाही, आणि मोल उतरेल म्हणून दुसऱ्यास ऐकवीतही नाही, तो जमिनीत हंडा पुरून त्यावर बसणाऱ्या कृपणाचा सख्खा भाऊ होय. दिल्याने वाढते तीच विद्या, असे आपण शिकत आलो. गायनविद्येस या नियमातून सूट कशी मिळावी? उलट पक्षी, १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली ती संग्राहकांनी एकत्र यावे आणि आपले धन इतरांस ऐकवावे म्हणूनच. संग्रह एकच, तो पुरून ठेवला तर हव्यास, वाटला तर सेवा.

कोणी म्हणेल, ही सारी गतकाळाची हळहळ आहे; स्ट्रीमिंगने गाणे गरिबाच्या घरी नेले हे विसरू नका. हे आम्ही विसरत नाही. पूर्वी ग्रामोफोन ज्याच्या घरी असे तो गावातील सुखवस्तू मनुष्य असे, आणि त्याच्या ओसरीवर कोणी बसावे हेही तोच ठरवी. आज काणकोणच्या वाडीतील मुलगी आणि हैदराबादेतील मराठी विद्यार्थी यांस कोणाच्याही ओसरीची गरज नाही. ज्ञानाचे आणि कलेचे दार असे सर्वांस उघडे होणे हे थोर कार्य आहे, आणि ज्यांस त्याचे वाईट वाटते त्यांनी आपले प्रेम गाण्यावर आहे की आपल्या वेगळेपणावर, हे तपासून पाहावे.

परंतु उघडे दार म्हणजे आपले घर नव्हे. वर्गणी देणारा गाणे विकत घेत नाही. ऐकण्याची परवानगी घेतो. वर्गणी थांबली की परवानगी संपते. सेवेचा आणि हक्कदार कंपनीचा करार संपला तर काल ऐकलेले गाणे आज यादीत नसते. भारतात २०२४ साली ‘रेसो’ आणि ‘विंक’ या दोन सेवा बंद झाल्या. तेथे ज्यांनी वर्षानुवर्षे आवडीच्या याद्या रचल्या होत्या, त्यांस कळून आले की आपले कपाट दुसऱ्याच्या घरात होते. अशी यादी मुलीच्या हाती देता येत नाही, ग्रंथालयास दान करता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

पैशाचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. बहुतेक सेवांत सर्वांची वर्गणी एका रांजणात जमा होते आणि एकूण ऐकण्यांतील ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे ती हक्कदारांस वाटली जाते. म्हणून महिनाभर आपण केवळ एकाच गायिकेस ऐकले, तरी आपला पैसा तिच्याचकडे जातो असे नाही. ‘स्पॉटिफाय’वर गाणे तीस सेकंद वाजले की एक ऐकणे मोजले जाते, मग ते तीन मिनिटांचे चित्रपटगीत असो वा तासाभराचा ख्याल असो, मोजणीत दोन्ही सारखेच. शिवाय २०२४ पासून तेथे मागील बारा महिन्यांत निदान एक हजार वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणास मोबदला मिळत नाही. कोकणी मांडो, जुने नाट्यपद, एखाद्या वृद्ध गायकाची मैफल यांचा श्रोता आधीच थोडा. या नियमाची झळ प्रथम कोणास लागेल हे सांगावयास नको. यात कोणाचा दुष्टावा आहे असे आम्ही म्हणत नाही. मोजमापाचे यंत्र बहुतांस ओळखते, थोड्यांस ओळखत नाही, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते गाण्याचे धनी कोणीही होऊ शकत नाही. पैसे देऊन मिळते ती फक्त राखणदारी. तबकडी विकत घेणाऱ्यास वाटे की आपण मालक झालो. वस्तुतः त्याच्या हाती एक ठेव आलेली असे, आणि ठेव ही पुढे सोपविण्यासाठी असते. स्ट्रीमिंगने आपणांस जपण्याच्या कष्टांतून मोकळे केले. त्याबरोबर जपण्याचे कर्तव्यही संपले असा समज पसरला, आणि खरा धोका तेथेच आहे. वस्तू नाहीशी झाली तरी कर्तव्य नाहीसे होत नाही. जे सर्वांचे आहे ते कोणीतरी सांभाळील, असे प्रत्येकजण म्हणू लागला की ते कोणाचेच राहत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव येथील जुन्या घरांत तबकड्यांच्या आणि कॅसेटींच्या पेट्या अजून आहेत. नवी पिढी पुण्यास किंवा परदेशी जाते, घर विकावयास निघते, आणि ही पेटी रद्दीच्या वजनात जाते. त्यात छापील तबकड्यांबरोबर कधी घरच्या बैठकीची, आजीच्या ओव्यांची, गावातील भजनी मंडळाची एकुलती एक कॅसेटही असते. ती कोणत्याही सेवेच्या यादीत नाही आणि कधी येणारही नाही. तिचे मोल बाजार ठरवू शकत नाही, म्हणून ते आपणच ठरविले पाहिजे.

यास्तव आमचे म्हणणे साधे आहे. नित्याच्या ऐकण्यासाठी स्ट्रीमिंग खुशाल वापरावे. पण ज्या गाण्याने आपणांस घडविले, ते दुसऱ्याच्या हाती देता येईल अशा रूपात एकदा तरी घ्यावे, आणि शक्य तेथे कलावंतास थेट पैसे मिळतील अशा रीतीने घ्यावे. घरच्या पेटीतील कॅसेटींची प्रत करावी, गायकाचे नाव व साल ठाऊक असेल तर लिहून ठेवावे. आपल्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षांनी संपतो; तेव्हा जुन्या तबकड्या कायद्यानेच सर्वांच्या होत आहेत, मात्र त्या तोवर शाबूत राहिल्या पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाला तरी शेजारी बसवून ऐकवावे. ज्याने हजार गाणी साठविली आणि एकही कोणास ऐकविले नाही, त्याच्यापेक्षा एकच गाणे दुसऱ्याच्या कानी आणि मनी पोचविणारा अधिक श्रीमंत, असे आम्हांस वाटते.