प्रीतीच्या भाजीचा वाटा

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे, अध्याय १५, वचन १७



थंडीचे दिवस आले आहेत. प्रातःकाळच्या प्रार्थनेस येणारी वडील माणसे घोंगडी पांघरून येऊ लागली आहेत. रानात हरभऱ्यास घाटे धरत आहेत, ज्वारी हुरड्यास येत आहे, आणि आठवड्याच्या बाजारात मेथी, चाकवत, वांगी, गाजरे, घेवडा, पावट्याच्या व वाटाण्याच्या शेंगा ह्यांचे ढीग लागले आहेत. उन्हाळ्यात ज्या घरांनी पिठल्यावर किंवा नुसत्या चटणीवर दिवस काढले, त्या घरांतही आता भाकरीबरोबर कालवण दिसते. वर्षातून थोडेच महिने देव आपल्या गावांस इतकी हिरवी भाजी इतक्या स्वस्त दराने देतो. म्हणून आज मी व्यासपीठावरून चुलीकडे वळणार आहे, आणि भाजीच्या भांड्याविषयी तुमच्याशी बोलणार आहे.

आपल्या शास्त्रपाठात ज्ञानी मनुष्याने दोन घरे शेजारी-शेजारी ठेवून दाखविली आहेत. एका घरी गोठ्यात बांधून पोसलेल्या बैलाची मेजवानी आहे, परंतु पंक्तीस बसलेली माणसे मनात एकमेकांचा द्वेष करीत आहेत. दुसऱ्या घरी केवळ पालेभाजी शिजली आहे, परंतु तेथे प्रीती आहे. ह्या दोहोंतून तो दुसरे घर निवडतो. येथे एक शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. मूळ इब्री भाषेत भाजीच्या जेवणासाठी 'अरुखा' हा शब्द घातला आहे, आणि त्याचा अर्थ ठरवून दिलेला वाटा किंवा शिधा असा होतो. बंदीत असलेल्या यहोयाखीन राजास बाबेलच्या राजाने तुरुंगातून काढून दररोज जो शिधा लावून दिला (२ राजे २५:३०), तेथे हाच शब्द आहे. यरुशलेम पडल्यावर यिर्मया संदेष्ट्यास वाटेसाठी जी शिदोरी मिळाली (यिर्मया ४०:५), तेथेही हाच आहे. तेव्हा घरात भाजी शिजली एवढ्याने हे वचन पुरे होत नाही. तिचा वाटा प्रत्येकाच्या ताटात पडला की नाही, हेही ते आपणांस विचारते. ह्या वचनावरून तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ही की, भाजीभाकरीची लाज धरू नये. पाळकाची फटफटी दारात थांबली की अंगणातील कोंबड्या आधी पळतात, असे आपण थट्टेने म्हणतो, आणि मीही हसतो. परंतु त्या थट्टेमागे एक दुःख आहे. पाहुणा आला की हातउसने पैसे काढून मटण आणणारी घरे मला ठाऊक आहेत. "पाळकसाहेब, तुम्हांला मेथी कशी वाढावी?" असे एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. मांस खाण्यात पाप नाही, आणि भाजी खाण्यात पुण्य नाही. रोम येथील मंडळीत कोणी सर्व काही खात व कोणी केवळ भाजीपाला खात, तेव्हा ह्याने त्यास तुच्छ मानू नये व त्याने ह्यास दोष लावू नये, असे पौलाने त्यांस शिकविले. पण कर्जाचे मटण दोन दिवसांत विसरले जाते, आणि कर्ज मात्र पुढच्या सुगीपर्यंत घरात राहते. लसणीची फोडणी देऊन केलेली मेथी, हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घालून ताकात शिजविलेला चाकवत, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी हे परमेश्वराच्या हातचे अन्न आहे. पाहुण्यास ते आनंदाने वाढावे. तुमचा पाळक तर ते मागून घेईल.

दुसरी गोष्ट ही की, भांडे कसे शिजते ते पाहून घर कसे चालवावे हे शिकावे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुधा १३ जानेवारीस, आपले हिंदू शेजारी भोगी करितात. त्या दिवशीच्या भाजीस काही भागांत खेंगट म्हणतात, आणि अनेक घरांत तिला लेकुरवाळी भाजी असे सुंदर नाव आहे. सण त्यांचा असला तरी रान सर्वांचे एकच, आणि ह्या दिवसांत ही भाजी आपल्याही चुलीवर अनेकदा शिजते. पाच-सहा माणसांच्या घरास पाव किलो वांगी, दोन गाजरे, मूठभर घेवडा, पावट्याचे व वाटाण्याचे दाणे आणि ओला हरभरा वाटी-वाटीभर, भिजविलेले शेंगदाणे अर्धी वाटी, भाजून कुटलेले तीळ तीन चमचे, थोडा चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि घरचा काळा मसाला एवढे पुरते. आमच्या आयाबहिणी हे सर्व एकदम भांड्यात लोटीत नाहीत. फोडणीवर आधी पावटे, हरभरा आणि शेंगदाणे घालतात, कारण त्यांस वेळ लागतो. मग गाजर व घेवडा. वांगे मऊ, ते शेवटी. आणि चिंच तर दाणे शिजल्यावरच, कारण आंबट आधी पडले म्हणजे दाणे कडक राहतात, मग कितीही जाळ घाला.

बंधूंनो, ह्यात केवढे शहाणपण आहे! एकाच घरात एक मूल लवकर शिकते, दुसऱ्यास वेळ लागतो. सून नवी आहे, सासू थकलेली आहे, धाकटा भाऊ हट्टी आहे. जो बाप सर्वांवर एकच जाळ धरतो, त्याच्या घरी वांगे गळून जाते आणि पावटा कच्चा राहतो. जो बाप आंबट शब्द आधी ओततो, त्याच्या मुलांची मने कडक होतात, आणि पुढे गुळाचा केवढाही खडा घातला तरी ती मऊ होत नाहीत. मुलास बोलू नये असे नाही. चिंचेवाचून त्या भाजीस चव नाही. परंतु बोलण्यास वेळ आहे, आणि आधी ऊब दिली पाहिजे.

आणि भांड्यात काय पडते ह्याकडेही लक्ष ठेवावे. दुष्काळात अलीशा गिलगाल येथे आला असता त्याने संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठी मोठे भांडे चुलीवर चढविण्यास सांगितले. एकजण रानात भाजी वेचावयास गेला आणि ओळख नसलेल्या रानवेलीची फळे चिरून त्यात घालून बसला. तोंडास लावताच सर्वजण ओरडले की, ह्यात मरण आहे. तेव्हा अलीशाने पीठ आणण्यास सांगून ते त्यात टाकले आणि ते अन्न खाण्याजोगे झाले. (२ राजे ४:३८-४१) आपल्याही घरांत असे एखादे कडू फळ पडलेले असते. विहिरीच्या पाळीवरून दोन भाऊ बोलत नाहीत, बांधाचा तंटा जेवणाच्या वेळीच निघतो, आणि उत्तम भाजी घशाखाली उतरत नाही. ते फळ कोणी टाकिले ह्याचा शोध करीत बसू नये. अलीशानेही तो केल्याचे लिहिलेले नाही. त्याने पीठ मागविले. त्याचप्रमाणे तुम्ही आधी क्षमेचे पीठ मागवा.

तिसरी गोष्ट सांगताना मला प्रथम माझाच दोष तुमच्यापुढे पदरी घ्यावा लागत आहे. काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात एका रात्री सभेनंतर चार बंधू माझ्या घरी जेवावयास आले. त्या सभेत मी पाच हजारांच्या भोजनाविषयी बोललो होतो, सर्व जेवून तृप्त झाले व बारा टोपल्या उरल्या, ह्यावर माझा मोठा भर होता. माझ्या पत्नीने हीच लेकुरवाळी भाजी केली होती. सर्वांनी वाखाणली, आणि मी यजमानाच्या ऐटीत "आणखी वाढा, आणखी वाढा" असे म्हणत राहिलो. पाहुणे गेले. बऱ्याच वेळाने मी पाणी घेण्यास आत गेलो, तो ती चुलीपाशी बसून भाकरीच्या तुकड्याने रिकामे भांडे पुसून खात होती. शेजारी आमची मुलगी मीठ-मिरचीशी भाकरी खात होती. मला पाहून पत्नी म्हणाली, "अहो, मला भूकच नव्हती." मुलगी काही बोलली नाही. माझ्या घरी त्या रात्री टोपली उरली नव्हती, आणि दोघीजणी तृप्त झाल्या नव्हत्या. मी त्या रात्री झोपलो नाही.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट असती तर मी ती छापली नसती. आपल्या गावांत आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि सर्वांच्या शेवटी आई, असा क्रम पुष्कळ घरांत अजून चालतो. भाकरी सर्वांस पुरते, परंतु भाजीतील दाणे वरच्यांच्या ताटात जातात आणि खालच्यांस रस्सा उरतो. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतात १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० स्त्रियांमागे ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच वयाच्या १०० पुरुषांमागे हे प्रमाण २५ आहे. ह्यास बाळंतपणे, मासिक पाळी, जंत अशी इतरही कारणे आहेत. पण ज्या शरीरातून अधिक रक्त जाते, त्याच शरीरास घरातील भाजीचा सर्वांत लहान वाटा मिळावा, हे कोणत्या न्यायाचे? त्यास आपण रूढी म्हणतो. आपल्या प्रभूपुढे त्यास काय म्हणावे?

याईराच्या घरी प्रभूने काय केले ते स्मरा. बारा वर्षांची मुलगी मरून पडली होती. त्याने तिचा हात धरून तिला उठविले. सर्वजण आश्चर्याने थक्क झाले, आणि त्या आश्चर्यात एक साधी गोष्ट कोणास सुचली नाही. ती प्रभूस सुचली. तिला काही खावयास द्यावे, अशी त्याने आज्ञा केली (मार्क ५:४३). ज्याने तिला जीव दिला, त्याने तिच्या ताटाचीही काळजी केली. आणि करिंथ येथील मंडळी प्रभुभोजनास जमत असता काहीजण आधीच खाऊन घेत व दुसरे उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांची कानउघाडणी केली, आणि जेवावयास जमल्यावर एकमेकांची वाट पाहण्यास सांगितले. मंदिरातील मेजाविषयी जे खरे, ते स्वयंपाकघरातील पाटाविषयी खोटे कसे होईल?

म्हणून ह्या थंडीत प्रत्येक ख्रिस्ती घराने तीन नेम करावे, अशी माझी विनंती आहे. पहिला, रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून करावे. भाकरी गरम हवी म्हणून आईस उठावे लागत असेल, तर भाकरी आधी थापून फडक्यात गुंडाळून ठेवाव्या. थोडी निवलेली भाकरी सर्वांनी मिळून खाणे हे एकट्याने गरम खाण्यापेक्षा बरे. दुसरा, भाजी वाढण्यापूर्वीच तिचे वाटे करावे, आणि आईचा व मुलींचा वाटा आधी काढावा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तिला दाणे व पालेभाजी अधिक द्यावी, वर लिंबू पिळावे, आणि जेवणास लागूनच चहा देऊ नये, कारण लिंबाने भाजीतील लोह अंगी लागते व चहाने ते अडते. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि तिचे शिजविलेले पाणी ओतून टाकू नये. तिसरा, आठवड्यातून एक दिवस पुरुषांनी व मुलग्यांनी शेंगा सोलाव्या, भाजी निवडावी आणि चूल सांभाळावी. ह्यात कमीपणा वाटत असेल, तर पुनरुत्थान पावलेल्या प्रभूने समुद्रकिनारी विस्तव पेटवून थकलेल्या शिष्यांसाठी स्वतः न्याहारी तयार ठेविली होती, हे आठवावे.

आमच्या घरी त्या रात्रीपासून हा क्रम बदलला. प्रथम माझ्या पत्नीस फार संकोच वाटला. पाहुण्यांसमोर पंक्तीस कसे बसावे, असे ती म्हणे. पाहुण्यांपैकीही एक-दोघांनी भुवया चढविल्या. आता कोणी काही म्हणत नाही. भाजी तेवढीच असते. मी पूर्वीपेक्षा थोडी कमी खातो, आणि ती मला अधिक गोड लागते.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, रानातील ह्या हिरव्या दानाबद्दल आम्ही तुझे उपकार मानितो. ज्या हातांनी आमच्यासाठी शिजविले आणि जे हात शेवटी रिकामे राहिले, त्यांची आम्हांस क्षमा मागू दे. आमच्या भांड्यातील द्वेष काढून टाक, आणि आमच्या घरातील लहानात लहानास तिचा पुरता वाटा मिळेपर्यंत आमचा घास आम्हांस गोड लागू देऊ नको. येशूच्या नावाने मागतो. आमेन.