फुटणारी गोळी आणि युद्धांतील मर्यादा

गेल्या पावसाळ्यांत एका गांवीं उपासना आटोपल्यावर मंडळींतील एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. ते पूर्वीं सैन्यांत हवालदार होते. आतां निवृत्तिवेतन घेऊन शेती पाहतात. ते म्हणाले, "पाळकसाहेब, लढाईंत माणूस मारावयाची आज्ञाच असते. मग अमुक गोळीनें मारावें आणि अमुक गोळीनें मारूं नये, असा कायदा करण्यांत अर्थ तो काय? घर जाळावयास निघालेल्यानें काडी कोणत्या पेटींतली घ्यावी, ह्याचा विचार करण्यासारखें हें आहे!" प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्या मनुष्यानें स्वतः बंदूक खांद्यावर वागविली, त्याच्या मनांत पुष्कळ वर्षें सललेला तो प्रश्न होता. त्या दिवशीं मला त्याचें उत्तर नीट देतां आलें नाहीं. पुढें त्या विषयाची माहिती मिळवून जो विचार सुचला, तो प्रिय वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम ही फुटणारी गोळी म्हणजे काय, तें पाहूं. बंदुकीची साधी गोळी भरीव असते. ती पोकळ करून तींत आघातानें पेटणारा मसाला भरला, म्हणजे ती कशावरही आदळतांच फुटते व तिच्या ठिकऱ्या होतात. सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत मोडत असे त्या काळीं, म्हणजे १८५० नंतरच्या वर्षांत, जॉन जेकब नांवाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें जेकबाबाद येथें अशा गोळ्यांचे प्रयोग केले. दूर उभ्या असलेल्या शत्रूच्या दारूगोळ्याच्या पेट्या बंदुकीनेंच उडवून द्याव्या, हा त्याचा हेतु होता. आणि हजार यार्डांहून अधिक अंतरावरूनही तें साधतें, असें त्यानें दाखविलें. १८५८ सालीं तो वारला. पुढें अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत अशा गोळ्या माणसांवर झाडल्या गेल्या. त्या युद्धांतील सेनापति ग्रँट यांनीं आपल्या आठवणींत ह्या शस्त्रास रानटी म्हटलें आहे, व त्याचें कारणही दिलें आहे. तें असें कीं, ह्या गोळीनें वेदना तेवढ्या वाढतात, वापरणाऱ्याच्या पदरांत मात्र कांहीं अधिक पडत नाहीं.

हें कारण वाचकांनीं ध्यानांत धरावें. कारण सर्व वादाचें मूळ येथेंच आहे. १८६३ सालीं रशियाच्या सैन्यानें एक फुटणारी गोळी तयार केली. ती कठीण पदार्थावर आदळली तरच फुटे, म्हणून दारूगोळ्याचे गाडे उडविण्याच्याच उपयोगाची होती. १८६७ सालीं तींत असा फेरफार झाला कीं, ती मऊ पदार्थावरही, म्हणजे मनुष्याच्या शरीरांतही, फुटूं लागली. ही गोळी रशियाच्या हातीं होती. तिचा लाभ त्यास एकट्यानें घेतां आला असता. परंतु त्या सरकारनें ती स्वतः वापरूं नये व इतरांसही वापरूं देऊं नये, असें ठरविलें, आणि इतर राष्ट्रांस सेंट पीटर्सबर्ग येथें बोलाविलें. तेथें १८६८ च्या डिसेंबरच्या ११ व्या तारखेस एक जाहीरनामा झाला. त्यांत ४०० ग्रॅमहून कमी वजनाची, फुटणारी किंवा पेट घेणाऱ्या मसाल्यानें भरलेली गोळी आपसांतील युद्धांत न वापरण्याचें वचन दिलें गेलें. इंग्लंड, फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया व इटली ह्यांच्या बरोबरीनें तुर्कस्तान व इराण ह्यांनींही त्यावर सही केली. दया ही एकाच धर्माच्या किंवा एकाच खंडाच्या मालकीची नाहीं, हें त्यावरून दिसून येतें.

त्या जाहीरनाम्याचा विचार थोडक्यांत असा आहे. युद्धाचा न्याय्य हेतु एकच, तो हा कीं, शत्रूचें लष्करी बळ कमी करावें. त्यासाठीं त्याचे शिपाई लढण्यास असमर्थ झाले म्हणजे पुरे. जो असमर्थ झाला, त्याच्या यातना वाढविणें किंवा त्याचें मरण अटळ करणें हें त्या हेतूच्या पलीकडचें आहे, म्हणून तें माणुसकीच्या विरुद्ध आहे. साधी गोळी लागून जो पडला, तो पडलाच. त्याच्या शरीरांत दुसरा स्फोट केल्यानें तो अधिक पडत नाहीं. तो अधिक तळमळतो एवढेंच.

आतां कोणी म्हणेल, "हा केवढा विसंगतपणा! तोफेचा गोळा फुटून वीस माणसें मेलीं तरी चालतें, आणि बंदुकीच्या गोळीनें एक माणूस अधिक फाटला तर पाप!" हा आक्षेप पोकळ नाहीं. ४०० ग्रॅमची रेघ ओढली तेव्हां तोफा राखून ठेवण्याची सोय पाहिली गेली, हें उघड आहे. तोफेच्या गोळ्याचें काम स्फोटावांचून होत नाहीं, बंदुकीच्या गोळीचें काम मात्र स्फोटापूर्वींच झालेलें असतें, एवढा फरक खरा. तथापि तेवढ्यानें तोफ निर्दोष ठरत नाहीं. परंतु जो सगळें थांबवूं शकत नाहीं, त्यानें थोडेंही थांबवूं नये काय? पुरांत सगळें गांव वांचत नाहीं म्हणून हाताला लागलेलें मूल कोणी सोडून देत नाहीं.

ह्याहून मोठें व्यंग दुसरेंच होतें. तें वचन सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतेंच होतें. ज्यांना सही करण्यास कोणी बोलाविलें नव्हतें, त्यांचें काय? ह्याचें उत्तर तीस वर्षांनीं मिळालें. कलकत्त्याजवळ दमदम येथील कारखान्यांत इंग्रज सरकारनें एक गोळी तयार केली. ती फुटणारी नव्हती, पण अंगांत शिरतांच तिचें टोंक पसरून मोठी जखम होई. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत साध्या गोळ्या लागूनही शत्रु पुढें येत राहिला, असें कारण त्यासाठीं दिलें गेलें. आणि १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत ती गोळी सरहद्दीवरील टोळ्यांवर वापरली गेली. १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत तिच्यावर बंदी घालण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां इंग्लंडचे प्रतिनिधि सर जॉन अर्डा ह्यांनीं असा युक्तिवाद केला कीं, सुधारलेला शिपाई जखमी झाला म्हणजे मागें फिरतो, रानटी मनुष्य मात्र तसाच धांवून येतो, म्हणून त्याच्यासाठीं निराळी गोळी पाहिजे. बहुतेक राष्ट्रांस हें पटलें नाहीं व बंदी झाली. इंग्लंडनें ती १९०७ सालीं मान्य केली.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. तिराहच्या डोंगरांतील पठाणाचें मांस युरोपांतील शिपायाच्या मांसाहून कमी दुखतें काय? ज्यांच्या वाडवडिलांस गांवच्या विहिरीपासून दूर उभें केलें गेलें, त्यांना हा युक्तिवाद समजावून सांगण्याची गरज नाहीं. आधीं एका मनुष्यास आपल्याहून हलका ठरवावयाचें, आणि मग त्याच्यावर जें कराल तें क्षम्य, ही वाट फार जुनी आहे. "माझा शेजारी कोण?" असें विचारणाऱ्या शास्त्र्याला जें उत्तर मिळालें, तें शोमरोनी मनुष्याचें होतें, हें आपण विसरूं नये.

ह्या शस्त्राचा लाभ तरी किती झाला? पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, इंग्लंडवर रात्रीं बाँब टाकणाऱ्या जर्मन हवाई जहाजांवर फुटणाऱ्या व पेटविणाऱ्या गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हां तीं वायूनें भरलेलीं जहाजें पेटून खालीं आलीं. तेथें लक्ष्य जहाज होतें, आणि साध्या गोळीनें तें काम होत नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत मात्र जर्मनीनें, नेम कोठें लागला हें दिसावें म्हणून केलेली फुटणारी गोळी पूर्वेकडील रणांगणावर माणसांवरही चालविली. जखमा भयंकर झाल्या. परंतु तिनें युद्धाचा निकाल फिरला नाहीं. फुटणाऱ्या बंदुकीच्या गोळीनें जिंकलेलें एकही युद्ध इतिहासांत दाखवितां येत नाहीं. म्हणजे ग्रँट म्हणाले तेंच खरें ठरलें. मनुष्याच्या शरीरांत फुटणारी गोळी वापरूं नये, हा नियम आज सर्व राष्ट्रांवर बंधनकारक मानला जातो, मग त्यांनीं १८६८ सालीं सही केलेली असो वा नसो.

हें सर्व मीं पुढच्या भेटींत हवालदारसाहेबांस सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सरहद्दीवर असतांना शत्रूचा एक जखमी पोरगा आमच्या हातीं लागला होता. माझ्याजवळची पट्टी मीं त्याच्या मांडीला बांधली. कां बांधली, तें मला आजवर कोणाला सांगतां आलें नाहीं." मीं म्हटलें, "तुमच्या प्रश्नाचें उत्तर तुम्हीं त्या दिवशींच दिलें होतें. त्याची बंदूक गेली, तेव्हां तुमचें त्याच्याशीं असलेलें वैर संपलें. उरला तो मनुष्य."

कायद्याचें सगळें सार त्या पट्टींत आहे. युद्ध चांगलें आहे, असें कायदा म्हणत नाहीं. शत्रुत्वास शेवट असला पाहिजे, एवढेंच तो म्हणतो. आणि ही गोष्ट केवळ राष्ट्रांपुरती नाहीं. बांधाचा तंटा जिंकल्यावरही भावकीस गांवांत तोंड दाखवितां येऊं नये म्हणून झटणारा, किंवा चूक कबूल केलेल्या मनुष्यास पंचांपुढें पुन्हां पुन्हां उभा करणारा, हाही पडलेल्याच्या शरीरांत दुसरा स्फोट करीत असतो. त्यानें त्याचा हक्क वाढत नाहीं, दुसऱ्याचें दुःख तेवढें वाढतें. भांडण करणें प्राप्तच झालें, तर आपला हेतु कोठें पुरा होतो, तें आधीं ठरवावें, आणि तेथें पोंचल्यावर हात आवरावा.