जामीनदार नसलेला माणूस

भारतातल्या तुरुंगांत असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022च्या अखेरीस देशातल्या 1,330 तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302, म्हणजे 75.8 टक्के, न्यायाधीन बंदी होते. तुरुंगात आणि कोर्टाच्या आवारात त्यांना 'कच्चे कैदी' म्हणतात. या सर्व तुरुंगांची मिळून क्षमता 4,36,266 होती. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी केवळ कच्च्या कैद्यांनीच ती जवळजवळ भरून गेली असती. पाच वर्षांहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत आत बसलेल्यांची संख्या अकरा हजारांच्या वर होती.

विकसनशील देशांतल्या कायद्याच्या राज्याची चर्चा बहुधा राज्यघटना, स्वतंत्र न्यायपालिका आणि भ्रष्टाचार या मोठ्या विषयांभोवती फिरते. राज्यसंस्थेशी गरीब माणसाची सर्वांत कठोर गाठ मात्र फौजदारी न्यायालयातल्या रिमांडच्या वेळी पडते. तिथे एका सुनावणीला दोन-चार मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात ठरते, की हा माणूस पुढचे काही महिने घरी राहणार की कोठडीत. कायदा सर्वांना समान आहे का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्या मिनिटांत दडलेले असते.

भारतात या बाबतीत तत्त्वांची उणीव नाही. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे, असे घटनेच्या 22व्या अनुच्छेदात आहे. अनुच्छेद 21 जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करतो. मनेका गांधी खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्याने घालून दिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. त्याआधी एक वर्ष, राजस्थान विरुद्ध बालचंद या प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद ही भूमिका मांडली होती. महाराष्ट्रातून आलेल्या होसकोट प्रकरणात 1978 मध्येच गरीब आरोपीला मोफत वकील मिळण्याचा हक्क मान्य झाला.

हे निकाल कोणत्या वास्तवावर आदळत होते, ते 1979च्या जानेवारीत उघड झाले. राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधल्या तुरुंगांची पाहणी करून 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि हुसैनारा खातून खटला उभा राहिला. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी कमाल शिक्षा झाली असती, त्याहून कितीतरी अधिक काळ काही माणसे खटला सुरू न होताच आत होती. काही स्त्रियांवर तर कसलाच आरोप नव्हता. गुन्ह्याच्या बळी किंवा साक्षीदार म्हणून त्यांना 'संरक्षणासाठी' कोंडून ठेवले होते. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी खटला लवकर चालण्याचा हक्क अनुच्छेद 21चाच भाग ठरवला आणि बंद्यांना मोकळे करण्याचे आदेश दिले. भारतातल्या जनहित याचिकांची परंपरा मुख्यतः या प्रकरणापासून रुजली.

त्याच बिहारमधले रुदुल साह प्रकरण चार वर्षांनी निकाली निघाले. हा माणूस 1968 मध्ये निर्दोष सुटला होता, पण तुरुंगातून बाहेर आला 1982 साली. न्यायालयाने त्याची सुटका मान्य केली होती, तरी पुढची चौदा वर्षे तो आतच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला 35,000 रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल पैशाची भरपाई देणारा हा पायाभूत निकाल मानला जातो. एका माणसाच्या चौदा वर्षांपुढे ती रक्कम किती तुटपुंजी होती, हे मात्र त्या थोरवीखाली झाकता येणार नाही.

इतके स्पष्ट निकाल असतानाही तुरुंग भरलेलेच राहिले, याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. न्यायाधीश कमी आहेत. विधी आयोगाने 1987 मध्ये दर दहा लाख लोकांमागे साधारण साडेदहा न्यायाधीश असल्याचे नोंदवून ती संख्या 50 करावी असे सुचवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तोच आकडा पाच वर्षांत गाठायला सांगितले. आज मंजूर पदे 21च्या आसपास आहेत आणि तीही पूर्ण भरलेली नाहीत. जिल्हा व तालुका पातळीवरची प्रलंबित प्रकरणे चार कोटींच्या वर गेली आहेत. त्यात बंद्याला कोर्टात न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही, साक्षीदार येत नाहीत, तारीख पडते.

पण विलंब हे अर्धेच उत्तर आहे. खटला लांबला तरी आरोपीने तो काळ तुरुंगातच काढावा, असे काही विलंबातून ओघाने येत नाही. पैसेवाला आरोपीही तीच रखडलेली वर्षे काढतो, मात्र आपल्या घरी. दोघांमध्ये फरक पाडतो तो जामीनदार. वशिला किंवा लाच यांच्याविना, अगदी सरळ वाटेने चाललेला कायदाच इथे दोन नागरिकांना दोन वेगळ्या जागी नेऊन ठेवतो. म्हणूनच या दोषाकडे भ्रष्टाचाराइतके लक्ष जात नाही.

न्यायालय जामीन मंजूर करते तेव्हा बहुधा ठराविक रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तितक्याच रकमेचे एक किंवा दोन 'लायक' जामीनदार मागते. लायक म्हणजे ऐपतदार. त्याने शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, सातबारा किंवा पगाराचा दाखला दाखवायचा, काही ठिकाणी तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला आणायचा. मग पोलीस ठाण्यामार्फत त्याच्या पत्त्याची पडताळणी होते आणि तिला आठवडे लागतात. मुंबईत पडताळणी होईपर्यंत काही दिवसांसाठी रोख रकमेवर सोडण्याची सोय न्यायालये करतात. ती माणुसकीची सोय आहे, पण तिलाही रोख रक्कम लागतेच.

आता या चौकटीत बिहारहून किंवा मराठवाड्यातून मुंबईत आलेला बिगारी कामगार उभा करावा. तो ज्यांना ओळखतो ते त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीत राहणारे. मालक कोर्टाची पायरी चढायला तयार नाही. गावी भाऊ आहे, त्याच्या नावावर दोन एकर जमीन आहे, पण तो दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला. नेमका हाच प्रश्न 1978च्या मोतीराम खटल्यात आला होता. मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयानेच जामीन दिला होता. तिथल्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने त्यासाठी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्खा भाऊ पुढे आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. कृष्ण अय्यर यांनी त्या माणसाला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले आणि आपल्याच देशातल्या माणसाला जिल्ह्याच्या सीमेवरून परका ठरवण्याच्या वृत्तीवर कडाडून टीका केली. पुढे भगवतींनीही हुसैनारा प्रकरणात वेगळी कसोटी सुचवली: आरोपी किती वर्षे त्या वस्तीत राहतो, त्याचे काम कोणते, कुटुंब कुठे आहे, यावरून तो पळून जाईल की नाही ते ठरवावे. समाजात ज्याची मुळे आहेत त्याला पैशाच्या हमीशिवाय सोडता येते.

या कसोटीला साडेचार दशके उलटली, तरी जामीनदाराची अट ढळलेली नाही. विशेषतः भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत ती अट आणि ती कसोटी दोन्ही सारख्याच निर्दय ठरतात. पारधी समाजाला 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959चा. ज्याच्या पालावर घरपट्टी नाही, ज्याच्या नावे सातबारा नाही आणि ज्याच्याकडे शेजारचे ठाणे आधीच संशयाने पाहते, त्याने लायक जामीनदार कुठून आणावा? ऐपतीचा पुरावा मागणारी अट कुणाची जात विचारत नाही, पण तिचा भार पडायचा तिथेच पडतो.

या अटीने आणखी एक बाजार निर्माण केला आहे. अनेक कोर्टांच्या बाहेर पैसे घेऊन अनोळखी माणसासाठी उभे राहणारे भाडोत्री जामीनदार मिळतात. खोट्या शिधापत्रिका सापडल्या की न्यायालये पडताळणी कडक करतात आणि त्या कडकपणाचा फटका खऱ्या भावाला, खऱ्या शेजाऱ्याला बसतो.

याहून गंभीर परिणाम किरकोळ गुन्ह्यांत दिसतो. मोबाईल चोरीच्या आरोपात आठ-दहा महिने आत काढलेल्या माणसाला कळते, की खटला लढवला तर आणखी वर्ष जाईल आणि गुन्हा कबूल केला तर भोगलेली कैद हीच शिक्षा धरून सुटका होईल. तो कबुली देतो. निर्दोष असला तरी देतो. न्यायालयाच्या नोंदीत एक खटला निकाली निघतो आणि त्या माणसाच्या नावापुढे कायमची शिक्षा लागते. पुढच्या वेळी हीच शिक्षा जामीन नाकारण्याचे कारण होते. सुटकेसाठी दिलेली कबुली त्याला सराईत ठरवते.

कायदेमंडळाने काहीच केले नाही, असे म्हणता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2005 साली दोन महत्त्वाचे बदल झाले. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेल्याला आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर तो निर्धन आहे असे मानून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे ठरले. आणि कलम 436अ आले: कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे, मात्र मृत्युदंडाचे गुन्हे वगळून. या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 एका बाजूने पुढे गेले आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळानंतरच सुटका मिळते आणि तसा अर्ज न्यायालयाकडे पाठवणे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य केले आहे. ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. पण त्याच कलमाने जन्मठेपेचे गुन्हेही बाहेर काढले आणि ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित आहेत त्याला या सवलतीतून वगळले. एकाच घटनेत पोलीस सहसा अनेक कलमे लावतात, हे लक्षात घेतले तर हे वगळणे किती मोठे आहे ते कळते. आणि मोबाईल चोरीच्या आरोपात नाइलाजाने कबुली दिलेला तो माणूस एक तृतीयांशाच्या सवलतीला आधीच मुकलेला असतो.

अवैध कारवाया प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थविरोधी कायदा आणि मनी लाँडरिंगविरुद्धचा कायदा यांच्यात तर जामिनाचे तत्त्वच उलटे केले आहे. तिथे जामीन देण्याआधी न्यायालयाला प्रथमदर्शनी आरोपीच्या बाजूने खात्री पटावी लागते. खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर अशा कायद्यांखालीही घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या नजीब निकालाने सांगितले. या निकालाचा लाभ मिळवण्यासाठी आरोपीला आधी अनेक वर्षे आत काढावी लागतात, ही त्याची मर्यादा आहे.

जामीन मंजूर होऊनही आतच राहणाऱ्यांकडे लक्ष जायला बराच काळ गेला. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूचना दिल्या: आदेशानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात अटी पूर्ण झाल्या नाहीत तर न्यायालयाने त्या शिथिल करण्याचा विचार करावा. केंद्र सरकारने 2023 मध्येच गरीब बंद्यांसाठी योजना आणली, तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. ही मदत स्वागतार्ह आहे. तरीही तिची दिशा पाहावी: राज्यसंस्थाच अट घालते आणि ती पुरी करायला राज्यसंस्थाच पैसे देते. अट काढून टाकली असती तर सरकारी तिजोरीतून पैसा आणि समित्यांतून फाईल फिरवण्याची गरज उरली नसती. 2024 मध्ये तेरा प्रकरणांत जामीन मिळालेला एक आरोपी प्रत्येक प्रकरणासाठी वेगळे जामीनदार आणू न शकल्याने अडकला होता. तेच जामीनदार सर्व प्रकरणांत चालतील, हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागले.

हा दोष भारताचा एकट्याचा नाही. नायजेरियाच्या तुरुंगांतही बहुसंख्य माणसे खटल्याची वाट पाहणारी आहेत आणि 2015 साली तिथे फौजदारी न्यायप्रशासनाचा नवा कायदा करावा लागला. दोन देशांचे अनुभव मात्र आशा देतात. मलावीत वकील फार थोडे असल्याने 2000 सालापासून प्रशिक्षित विधी सहायक थेट तुरुंगात जाऊ लागले. बंद्यांना गटाने बसवून जामीन म्हणजे काय, दंडाधिकाऱ्यासमोर काय बोलायचे, हे ते नाट्यप्रयोगांतून शिकवतात, कुटुंबाशी गाठ घालून देतात, तर दंडाधिकारीही तुरुंगात येऊन प्रकरणे तपासतात. चिलीने 2000 ते 2005 या काळात प्रांताप्रांताने, घाई न करता, संपूर्ण फौजदारी पद्धत बदलली. लेखी फाईलींऐवजी तोंडी सुनावणी आली, सरकारी बचाव वकिलांची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि कोठडीचा निर्णय खुल्या सुनावणीत होऊ लागला.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून असेच काम करतो. त्याचे समाजकार्यकर्ते बंद्याच्या घरी जातात, पत्ता खरा आहे का ते पाहतात, नातेवाईक शोधतात. भगवतींनी सांगितलेली मुळे शोधण्याचे हे काम आहे. मलावी आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी सुटकेचा मार्ग चौकशी करायला निघालेल्या माणसाने उघडला. अशी माहिती प्रत्येक रिमांड न्यायालयापुढे पहिल्याच दिवशी आली, तर बहुतेक गरीब आरोपींना जातमुचलक्यावर सोडणे न्यायाधीशाला धाडसाचे वाटणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात केंद्राला स्वतंत्र जामीन कायदा करण्याची शिफारस केली आहे. असा कायदा होईल तेव्हा त्याच्या पहिल्या कलमात असे असावे, की जामीनदार मागायचा असेल तर न्यायाधीशाने तो का लागतो याची कारणे लेखी नोंदवावीत आणि कारणे नसतील तर आरोपीला त्याच्या स्वतःच्या शब्दावर त्याच दिवशी सोडावे.