मेणबत्ती पेटवून काय होते?

शंका : हल्लेखोराला क्षमा करायची म्हणजे पोलिसांत तक्रारही करायची नाही का? — एक तरुण, नायगाव

समाधान : तक्रार जरूर करावी. महायाजकापुढे चौकशी चालू असताना शिपायाने येशूच्या तोंडात मारली, तेव्हा येशूने त्याला त्याचा जाब विचारला. पौलाने फटके बसण्याआधी आपले रोमन नागरिकत्व पुढे केले. 2019च्या ईस्टरला श्रीलंकेतील देवळांत आणि हॉटेलांत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. तिथले कार्डिनल माल्कम रंजित यांनी लोकांना सूडापासून आवरले, पण चौकशीची मागणी कधी सोडली नाही.

सिस्टर राणी मारिया यांना 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात बसप्रवासात भोसकून मारले. मारेकरी समुंदर सिंह याला जन्मठेप झाली. 2002च्या राखीपौर्णिमेला सिस्टरांची धाकटी बहीण तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. ती क्षमा खटला गुंडाळून केलेली नव्हती.

शंका : कुठेतरी प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर हल्ला होतो, आपल्या धर्मग्रामात मेणबत्त्या पेटतात. थोरला मुलगा विचारतो, "आई, याने त्यांचे काय भले होते?" मला उत्तर देता येत नाही. मनात राग एवढा असतो की 'हे आमच्या बापा' म्हणताना क्षमेच्या ओळीवर अडखळते. हे पाप आहे का? — एक भगिनी, नंदाखाल

समाधान : बाई, हा राग पाप नव्हे. आपली माणसे मारली गेल्यावर जो हलत नाही, त्याच्या प्रेमाची मला काळजी वाटेल. स्तोत्रसंहितेत देवाशी संतापून भांडणारी स्तोत्रे आहेत. तुम्हीही तो राग देवापुढेच मांडा, शेजाऱ्याच्या दारात नेऊ नका. अडखळलात तरी ती ओळ म्हणत राहा.

आता मुलाचा प्रश्न. त्याला आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाची पुढची गोष्ट सांगा. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 26 जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी मारले, त्यांत तो होता, हे आपली मुले शिकतात. पण त्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, धर्मगुरू उरले नाहीत, आणि दोनशेहून अधिक वर्षे आईबापांनी घरातल्या घरात, लपून, मुलांना श्रद्धेत वाढवले. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावातली काही माणसे नागासाकीच्या ओउरा देवळात आली आणि तिथल्या फ्रेंच फादरांना त्यांनी हळूच सांगितले, की आमचीही श्रद्धा तुमचीच आहे. ते देऊळ त्याच 26 जणांच्या नावाने बांधलेले होते. म्हणजे वसईच्या मुलाच्याही नावाने! मेणबत्ती पेटवताना मी आशा म्हणतो ती ही. त्या आईबापांना शेवट दिसत नव्हता. तरी त्यांनी पुढच्या पिढीच्या हाती श्रद्धा दिली.

मात्र मुलाचा प्रश्न अर्धा खरा आहे, तो झिडकारू नका. यरुशलेमचे बंधुभगिनी अडचणीत होते, तेव्हा पौल गावोगावच्या मंडळींकडे पैसे मागत फिरला. नुसती मेणबत्ती अपुरीच. जखमींच्या औषधपाण्याला, विधवांच्या घरखर्चाला मदत पोहोचली पाहिजे, आणि हल्ला दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळावर झाला, तरी तितक्याच तत्परतेने.

येत्या रविवारी मिस्सानंतर दाराशी दानपेटी ठेवायची विनंती तुमच्या फादरांना करा, आणि ती धरायला मुलालाच उभे करा.