निळी जाळी आणि आठवा गुरू

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७, श्लोक ५२ ते ७४. सोबत एकनाथी भागवताचा सातवा अध्याय.

गेले काही दिवस आपण अवधूताचे चोवीस गुरू वाचतोय. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य असे सात झाले. आज आठवा, कपोत. खरं सांगायचं तर हा भाग मी दोनदा पुढे ढकलला. आधी ऑफिसचं काम आडवं आलं असं स्वतःला सांगितलं, मग प्रवास. कारण वेगळंच होतं, ते खाली लिहिलंय.

आधी कथा, थोडक्यात. जंगलात एका झाडावर कपोत आणि कपोती घरटं करून राहतात. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम की उठणं, बसणं, खाणं सगळं सोबत. ती जे मागेल ते तो कष्ट करून आणतो. मग अंडी होतात, पिल्लं होतात, त्यांच्या कोवळ्या पिसांच्या स्पर्शात आणि चिवचिवाटात दोघं हरवून जातात. एक दिवस दोघंही चारा आणायला गेलेली असताना पारधी येतो आणि घरट्याजवळ हुंदडणारी पिल्लं जाळ्यात धरतो. आई परत येते, आक्रोश करत पिल्लांकडे धावते आणि जाळ्यात अडकते. बाप बाहेर असतो. त्याला जाळं दिसतंय, आत तडफडणारी बायको-मुलं दिसताहेत. तो विलाप करतो आणि स्वतःच आत शिरतो. पारधी खूश होऊन घरी जातो.

आता ज्याच्यामुळे हे वाचन लांबलं ते.

पाडव्याला मी भंडाऱ्याला घरी गेलो होतो. चार दिवसांसाठी गेलो आणि महिनाभर राहिलो, कारण लॅपटॉप सोबत होता आणि आई एकटी होती. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. आमच्या सांदवाडीत (पुण्याच्या मित्रांसाठी : घरामागची मोकळी जागा) एक जास्वंद आहे, न्हाणीचं पाणी तिकडेच जातं म्हणून भर उन्हाळ्यातही हिरवीगार असते. पाडव्याच्या दिवशी पूजेला फुलं तोडताना आई म्हणाली, "हळू गा, आत कोनी बसलं हाये." बघतो तर जेमतेम छातीच्या उंचीवर बुलबुलाचं घरटं. काड्या, मुळ्या, कोळ्याचं जाळं, आणि मधे आमच्याच घरातल्या पोत्याची सुतळी. आत तीन अंडी, फिकट गुलाबी, त्यावर लालसर ठिपके.

डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल डाग असलेला हा बुलबुल तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. लाजाळू वगैरे अजिबात नाही. माणसाच्या इतक्या जवळ घर करतो की आपल्याला वाटतं, त्याने आपल्याला निवडलं. मलाही तसंच वाटलं. कामाची सवय अशी की मी लगेच मॉनिटरिंग सुरू केलं. न्हाणीच्या खिडकीत फोन उभा करून ठेवला, एक्सेलमध्ये वेळा लिहायला लागलो. आई हसायची. पण तिलाही सकाळी चहा घेऊन तिथेच बसायचं असायचं, आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती कशाबद्दल तरी आपणहून बोलत होती. साळुंक्या कुठे आल्या, सातभाईंचा गलका कशाचा, कोकिळा कधीपासून ओरडते. मला कळलं की गेली चाळीस वर्षं ही बाई रोज हे बघत आलीय आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

कामदा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं बाहेर आली, त्याच्या पुढच्या दिवशी तिसरं. उघडी, आंधळी, नुसत्या लाल चोची. नर आणि मादी दोघंही अळ्या, किडे आणत होते. सकाळी उजाडल्यावर तर पाच-पाच मिनिटांनी फेरी. मी एक तास सलग बसून पाहिलं आणि मला आमच्या घरातले दोघं आठवले. जास्त सांगत नाही.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी भारद्वाज आला. आपल्याकडे भारद्वाज दिसणं शुभ मानतात, आई तर हात जोडते. लालसर तपकिरी पंख, लाल डोळे, दिसायला खरंच देखणा. पण तो दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खातो, हेही तितकंच खरं. मी ओरडत धावलो तोवर एक पिल्लू गेलं होतं. बुलबुल दोघं त्याच्या मागे किंचाळत कडुनिंबापर्यंत गेले आणि दहा मिनिटांनी परत येऊन उरलेल्या दोघांना भरवू लागले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मी कोठीतून बाबांची निळी नायलॉनची जाळी काढली. भाजीच्या वाफ्यात कोंबड्या शिरू नयेत म्हणून त्यांनी आणलेली. पूर्ण जास्वंदीवर टाकली, खाली विटा ठेवल्या, वर एका बाजूला वीतभर जागा मोकळी सोडली. माझ्या हिशोबाने बुलबुलला तेवढी पुरे आणि भारद्वाजाला अपुरी. डिझाइन एकदम पक्कं होतं. मग मी मीटिंगला बसलो.

साधारण साडेअकराला आईची हाक आली. मादी जाळीत अडकली होती. एक पंख आणि एक पाय गुंतलेला, चोचीतली अळी खाली पडलेली. ऊन असं की जाळी हाताला गरम लागत होती. आणि नर? तो वरच्या तारेवर बसून ओरडत होता, मग खाली झेपावत होता, जाळीला धडकून पुन्हा वर. आत पिल्लं चोची वासून.

मित्रांनो, मी हा अध्याय लहानपणापासून ऐकत आलोय. आजोबांकडे एकनाथी भागवत होतं. पण समोर ते चित्र जसंच्या तसं उभं राहिलं तेव्हा एकच फरक होता. पारधी कुठे नव्हता. जाळं मी टाकलं होतं, आणि तेही प्रेमाने.

आईने पदराने पक्षी अलगद धरला आणि मला कात्रीने एकेक धागा कापायला लावला. माझे हात थरथरत होते. सुटली तशी ती कडुनिंबावर गेली आणि पाऊण तास खाली आली नाही. तो पाऊण तास मी विसरणार नाही. आई म्हणाली, "काढ थे जाळी. भारद्वाज नेईन तं नेईन. मायले तं येऊ दे." मी जाळी काढली. दोघं आले.

त्या रात्री मी पोथी काढली. श्लोक ५२ मध्ये कथेच्या आधीच अवधूत सांगून टाकतो की कुणाशीही अतिस्नेह करू नये, नाहीतर त्या कबुतरासारखा ताप भोगावा लागतो. आजवर मी हे 'स्नेह करू नये' असंच वाचत होतो, आणि मनातून मला ते कधी पटलं नव्हतं. घरटं करणं चूक असेल तर मग उरतं काय? पण तिथे शब्द 'अति' आहे. आणि शास्त्राला कबुतराचं घर मुळातच नको आहे असंही नाही. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला दुसऱ्या एका कपोताची गोष्ट सांगतात. तिथे पारधीच थंडीने कुडकुडत त्यांच्या झाडाखाली येतो, आणि कपोत त्याला पाहुणा मानून त्याची भूक भागवायला स्वतः अग्नीत प्रवेश करतो. रामायणात विभीषणाला आश्रय द्यावा की नाही यावर चर्चा चालते, तेव्हा प्रभू राम याच कपोताचा दाखला देतात. म्हणजे पक्षी तोच, संसार तोच. एका गोष्टीत त्याची स्तुती आहे, दुसरीत तो सावधगिरीचं उदाहरण.

आणि हे मराठीत सविस्तर सांगणारे नाथ महाराज स्वतः संसारी. १५७३ मध्ये काशीला त्यांनी एकनाथी भागवत पूर्ण केलं, पण पैठणला घर होतं, गिरिजाबाई होत्या, मुलं होती. त्यांच्या चरित्रात सांगतात की मुलगा हरिपंडित वडिलांच्या प्राकृत प्रवचनांवर नाराज होऊन काशीला निघून गेला. ज्याच्या घरट्यातून पिल्लू असं रागावून गेलंय त्याने कपोताचा अध्याय कसा वाचला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मला स्वतःपुरतं जे दिसलं ते सांगतो. त्या कथेतली कपोती आक्रोशाने आंधळी झालेली आहे, पण बापाला जाळं स्पष्ट दिसतंय. तरी तो आत जातो, कारण त्यांच्याशिवायचं स्वतःचं आयुष्य त्याला कल्पनेतही सहन होत नाही. त्याच्या विलापाचे श्लोक नीट वाचा. माझं घर उजाडलं, माझी इच्छा अपुरी राहिली, मी आता कशासाठी जगू. सगळीकडे 'मी'. जाळ्यात पिल्लांना काय होतंय याबद्दल त्यात फार कमी आहे. मी जाळी टाकली तेव्हा मी पिल्लांची काळजी करत होतो असं मला वाटत होतं. पण आदल्या रात्रीची झोप माझी उडाली होती. बुलबुल तर दहा मिनिटांत कामाला लागले होते.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे दोनदा टाळलं. माझ्या बॅगेत आईचं पुण्याचं तिकीट होतं. नागपूरहून, माझ्यासोबत, परतीचं नाही. तिला विचारलं होतं, पण विचारलं म्हणजे काय, सांगितलंच होतं. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. भंडाऱ्याला रात्री काही झालं तर कोण? ती "बरं" म्हणाली होती. बाबा गेल्यापासून ती सगळ्यालाच बरं म्हणते. आणि माझ्या पुण्याच्या बाल्कनीला काय आहे सांगू? कबुतरं येऊ नयेत म्हणून वरपासून खालपर्यंत ठोकलेली नायलॉनची जाळी. मीच पैसे देऊन बसवून घेतलेली. पोथी मांडीवर असताना हे आठवलं आणि मी बराच वेळ पान उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिला परत विचारलं, यावेळी खरंच. ती जास्वंदीकडे बघत होती. म्हणाली, "दिवाळीले येईन ना पंधरा दिवस. आता येथं पाणी कोन टाकीन?" पाणी म्हणजे झाडांना, आणि भिंतीवर ठेवलेल्या मातीच्या परळातलं, पाखरांसाठी. मी वाद घातला. बीपीच्या गोळ्या, निसरडी न्हाणी, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, न्हाणीत धरायला दांडा लावून दे. लावून दिला. शेजारच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली ठेवली. तिकीट रद्द करायला अर्धा मिनिट लागला.

वद्य नवमीला पिल्लं निघाली. उडाली म्हणणं जरा जास्त होईल, पंख नीट भरलेले नव्हते. सकाळपासून मादी चोचीत काहीतरी घेऊन घरट्यापासून हातभर लांब बसत होती आणि आवाज देत होती, पण आत जात नव्हती. शेवटी एक पिल्लू काठावर आलं, धडपडत फांदीवर, तिथून खाली तुळशीच्या कुंडीमागे. नर लगेच तिथे. दुसरं तासाभराने. आई-बाप दोघांच्या मागे जमिनीजवळ फिरत भरवत राहिले, म्हणजे सोडून दिलं असं काही नव्हतं. रिकाम्या घरट्याकडे मात्र कुणी परत बघितलं नाही. मी दोन दिवस बघत राहिलो.

(तुमच्याकडेही कुंडीत, ग्रिलमध्ये घरटं असेल तर चैत्र-वैशाखात फांद्या छाटू नका, फोटोसाठी पानं बाजूला सारू नका, आणि जाळी तर नकोच. सावलीत पाणी ठेवा, मांजर घरात ठेवा, पुरे.)

मी आता पुण्यात आहे. काही शिकलोय असा दावा करत नाही. दिवसातून तीनदा फोन करतो, हिशोबाने दोन पुरेत. काल दुपारी तिने उचलला नाही. सहा वेळा लावला, मग काकूंना लावला, त्या किल्ली घेऊन धावत गेल्या. आई मागे बसली होती, फोन आत चार्जिंगला. काकूंच्या फोनवरून माझ्याशी बोलली ते असं : "कायले घाबरतं गा, बाबू? बुलबुल परत आला हाये. यावेळी कढीपत्त्यावर काड्या नेऊन राहिला."

उद्याचं वाचन : अध्याय ८, नववा गुरू, अजगर.

राम कृष्ण हरि!